एक डॉलर जास्त

आपल्याकडे बदली हा शब्द सरकारी नोकरीतला. बाबांची बदली झाली की टेम्पो येतो, शाळा बदलते, सामान उतरवताना कपाटाचा एक पाय हमखास मोडतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्येही बदली होते, फक्त तिला ट्रेड म्हणतात, आणि तिथे माणूस नुसता एका गावाहून दुसऱ्या गावाला जात नाही. त्याच्या बदल्यात समोरून दोन-तीन माणसं येतात, वर थोडी रोकडही येते. आणि ही बातमी खुद्द त्या खेळाडूला कधी कधी बाहेरूनच कळते!

फेब्रुवारी 2025 मधल्या एका रविवारी सकाळी आमच्या होस्टेलवर हलकल्लोळ माजला होता, तो याच कारणाने. डॅलसने लुका डॉन्चिचला लेकर्सला देऊन टाकलं, बदल्यात अँथनी डेव्हिस घेतला. पहिल्यांदा कुणाचा विश्वासच बसेना. कुणीतरी खोटी बातमी सोडली आहे असंच सगळे म्हणत होते. मेसमध्ये पोहे गार झाले आणि जे लोक एरवी सबमिशनच्या आदल्या रात्रीशिवाय एकत्र येत नाहीत ते तासभर एका टेबलावर भांडत बसले. इतका मोठा खेळाडू असा कुणी विकतं का, हा एकच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी.

विकतात. आणि त्याहून मोठा खेळाडू विकला गेलेला आहे, तोही एकदा नाही, दोनदा. त्याचं नाव विल्ट चेंबरलेन. मंडळी, हा लेख त्याच्यावर आहे.

विल्टचं नाव घेतलं की लोक शंभर गुणांची मॅच सांगतात आणि थांबतात. म्हणून ती आधी उरकून टाकतो. 2 मार्च 1962, हर्शी नावाचं पेनसिल्व्हेनियातलं चॉकलेटचं गाव, प्रेक्षक फक्त 4,124. फिलाडेल्फिया वॉरियर्सने न्यूयॉर्कला 169-147 असं हरवलं आणि त्यातले 100 गुण एकट्या विल्टचे. टीव्हीवर मॅच नव्हती, त्यामुळे चित्रफीत नाही. कागदावर 100 लिहून तो हातात धरून बसलेला विल्ट, हा फोटो मात्र सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्या सबंध सीझनमध्ये त्याची सरासरी होती मॅचमागे 50.4 गुण. मॅच 48 मिनिटांची, आणि तो सरासरी 48.5 मिनिटं खेळला! जादा वेळेतल्या मॅचेस धरून, अर्थात. आपण इथे 75 टक्के अटेंडन्ससाठी एचओडींच्या केबिनबाहेर उभे असतो आणि हा माणूस शंभर टक्क्यांच्या वर.

पण मला त्या रात्रीतला जास्त आवडतो तो दुसरा आकडा. फ्री थ्रो 32 पैकी 28. विल्ट फ्री थ्रोमध्ये अगदी ढ होता, सगळ्या कारकिर्दीत त्याचे जेमतेम 51 टक्के आत गेले. त्या एका सीझनला मात्र तो दोन्ही हातांनी चेंडू गुडघ्यांमधून वर उचलून टाकायचा, लहान मुलं टाकतात तसा. यात मेकॅनिक्सच्या दृष्टीने काहीच हास्यास्पद नाही. दोन्ही हात सारखे चालतात त्यामुळे चेंडू डावी-उजवीकडे कमी भरकटतो, उलटी फिरकी मिळते, आणि रिंगवर तो हळुवार पडतो. त्या वर्षी त्याचे 61 टक्के आत गेले. मग त्याने ते सोडून दिलं. का? तर बायकी दिसतं म्हणून! हे त्याने पुढे स्वतःच कबूल केलं आहे. सात फूट एक इंच उंचीच्या, लीगमधल्या सर्वांत ताकदवान माणसाला लोक काय म्हणतील याची भीती होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण विल्टच्या आयुष्यात लोक कायम काही ना काही म्हणतच होते.

जन्म 21 ऑगस्ट 1936, फिलाडेल्फिया. घरात भावंडांची रांग. दारातून जाताना डोकं खाली करावं लागायचं म्हणून दोस्तांनी नाव पाडलं डिपर, ते त्याला आवडायचं. पेपरवाल्यांनी दिलेलं स्टिल्ट हे नाव, म्हणजे बांबूचे उंच पाय, त्याला मुळीच आवडायचं नाही.

त्याच्या मागे संघांची पळापळ सुरू झाली तेव्हा तो शाळेत होता. 1954 च्या उन्हाळ्यात तो कॅट्सकिल डोंगरातल्या कुट्शर्स नावाच्या हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलायचं काम करत होता. तिथे उन्हाळ्यात बास्केटबॉल चालायचं आणि बोस्टन सेल्टिक्सचा कोच रेड ऑरबाख शिकवायला यायचा. ऑरबाखने पोराला बघितलं आणि लगेच सल्ला दिला की बोस्टनच्या आसपासच्या कॉलेजात शिकायला जा. वरवर बघता काळजी शिक्षणाची. खरी गोम अशी की तेव्हा लीगमध्ये एक नियम होता, आपल्या भागातल्या कॉलेजचा खेळाडू संघाला राखून ठेवता यायचा. पण फिलाडेल्फिया वॉरियर्सचा मालक एडी गॉटलीब ऑरबाखचाही बाप निघाला. त्याने 1955 मध्ये विल्ट शाळेतून बाहेर पडतानाच हक्क सांगितला, कारण शाळा फिलाडेल्फियाची. लीगने ते मान्य केलं. म्हणजे बघा, पोराने अजून कॉलेजात पाऊल टाकलं नव्हतं आणि चार वर्षांनी तो कुणाचा हे ठरलेलं होतं. त्याला कुणी विचारलं नाही.

तो कॅन्ससला शिकला. 1957 च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाकडून तीन जादा डावांनंतर एका गुणाने हरला, 54-53. तीन-तीन जण अंगावर येणाऱ्या त्या खेळाला कंटाळून त्याने वर्षभर आधी कॉलेज सोडलं. लीग तर वर्गाचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत घ्यायला तयार नाही. मग एक वर्ष हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर करामती करत हिंडला, पार मॉस्कोपर्यंत. पुढे आयुष्यभर तो सांगायचा की खरी मजा त्या वर्षी आली. मला यात नवल वाटत नाही. तिथे त्याच्याकडून कुणी ट्रॉफी मागत नव्हतं.

1959 मध्ये तो वॉरियर्समध्ये आला. पहिल्याच वर्षी सरासरी 37.6 गुण, आणि वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू आणि सर्वोत्तम खेळाडू ही दोन्ही बक्षिसं एकदम. आणि त्याच वर्षापासून समोर उभा राहिला बिल रसेल.

इथे थोडं थांबतो, कारण माझा रूम-पार्टनर कट्टर सेल्टिक्सवाला आहे आणि हा लेख छापून आला की तो पहिला वाचणार आहे. रसेलने 13 वर्षांत 11 विजेतेपदं मिळवली, विल्टने सगळ्या मिळून 2. पार्टनरचा युक्तिवाद इथे सुरू होतो आणि इथेच संपतो. ज्या वर्षी विल्टने सरासरी 50 गुण केले त्या वर्षीही सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस रसेलला मिळालं, आणि तेव्हा मतदान खेळाडूच करायचे. हे सगळं खरं आहे. पण मी एका कागदावर एक बेरीज केली आहे. रसेलच्या बोस्टनविरुद्ध विल्ट चार वेळा सातव्या, म्हणजे निर्णायक मॅचमध्ये हरला. 1962 मध्ये 2 गुणांनी, 1965 मध्ये 1 गुणाने, 1968 मध्ये 4 गुणांनी, 1969 मध्ये 2 गुणांनी. बेरीज 9. या नऊ गुणांवर एक माणूस जिंकणारा आणि दुसरा हरणारा असा शिक्का बसला, तो आजतागायत. (पार्टनर, उत्तर पुढच्या अंकात दे.)

आता बदल्यांकडे. 1962 मध्ये गॉटलीबने वॉरियर्स संघ साडेआठ लाख डॉलरला विकला आणि तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. विल्टही त्याबरोबर गेला, फर्निचर जातं तसा. (जाता जाता. हाच संघ 2010 मध्ये 45 कोटी डॉलरला विकला गेला, आणि घेणाऱ्यांत मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे भागीदार होते. पुढे त्यांनी सॅक्रामेंटो किंग्ज घेतला आणि 2019 मध्ये तो संघ मुंबईत आणून खेळवला.)

सॅन फ्रान्सिस्कोत प्रेक्षक फारसे येईनात. मालक फ्रँकलिन म्युलीच्या हातात पैसा नाही, संघ हरतोय, विल्ट पोटाच्या आजारातून नुकता उठलेला, आणि त्याचा पगार सगळ्यात मोठा. जानेवारी 1965 मध्ये ऑल-स्टार सामन्यासाठी सगळे सेंट लुइसला जमले असताना सौदा ठरला. विल्ट फिलाडेल्फियाला, सेव्हंटी-सिक्सर्स या नव्या संघाकडे. बदल्यात कॉनी डिअरकिंग, पॉल न्यूमन, ली शेफर आणि दीड लाख डॉलर. वाचकहो, ही तीन नावं तुम्ही ऐकली आहेत का? यातला शेफर तर वॉरियर्सकडून एकही मॅच खेळला नाही, त्याने खेळच सोडला. लीगच्या इतिहासात एका मॅचमध्ये सगळ्यात जास्त गुण करणारा माणूस दोन साधारण खेळाडू, एक गैरहजर खेळाडू आणि थोडे पैसे यांच्या बदल्यात गेला.

मग त्या उन्हाळ्यात तो प्रसिद्ध करार झाला. विल्टने वर्षाला एक लाख डॉलरवर सही केली. बोस्टनमध्ये रसेलने ऐकलं आणि आपल्या संघाकडून करार करून घेतला एक लाख एक डॉलरचा. एका डॉलरमध्ये अमेरिकेत तेव्हाही काही बंगला येत नव्हता! पण त्या एका डॉलरची चर्चा उरलेल्या लाखापेक्षा जास्त झाली. आज खेळाडूंच्या करारांवर आम्ही पोरं जी भांडणं करतो, कोण कुणापेक्षा किती मोठा, त्या सगळ्याचं मूळ मला या एका डॉलरमध्ये दिसतं. आणि गंमत अशी की हे दोघं तेव्हा एकमेकांचे जानी दोस्त. थँक्सगिव्हिंगच्या सणाला मॅच असली की एकमेकांच्या घरी जेवायला जायचे. आदल्या दिवशी टर्की, दुसऱ्या दिवशी कोपर.

फिलाडेल्फियात त्याचा वकील आणि मित्र आइक रिचमन संघाचा सहमालक होता. विल्टचं म्हणणं, रिचमनने त्याला संघात हिस्सा देण्याचा शब्द दिला होता. तो शब्द तोंडी. डिसेंबर 1965 मध्ये बोस्टनला मॅच चालू असताना, संघाच्या बाकाशेजारी बसलेला रिचमन हृदयविकाराने गेला. दुसरा मालक अर्व्ह कॉस्लॉफ म्हणाला, असा काही शब्द मला माहीत नाही. कागद नाही, साक्षीदार गेला. विल्टच्या मनात ही अढी कायम राहिली.

तरी 1966-67 चा तो संघ! कोच अ‍ॅलेक्स हॅनमने विल्टला सांगितलं की कमी मार, जास्त पास कर. विल्टने ऐकलं. त्याची सरासरी 24 वर आली आणि संघ 68 जिंकला, 13 हरला. बोस्टनची ओळीने आठ विजेतेपदांची साखळी तुटली, 4-1 अशी. आणि अंतिम फेरीत समोर कोण? सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स! विल्टला विकल्यावर तळाला गेल्यामुळे त्यांना पुढच्या निवडीत रिक बॅरी मिळाला होता (हाच तो, जो जन्मभर दोन्ही हातांनी खालून फ्री थ्रो टाकत राहिला आणि 89 टक्के आत घालत राहिला). विल्टने आपल्या जुन्या संघाला 4-2 हरवून पहिलं विजेतेपद घेतलं.

पुढच्या वर्षी त्याने ठरवलं की लीगमध्ये सगळ्यात जास्त असिस्ट आपलेच. केले 702! सेंटरच्या जागेवरून हे तोपर्यंत दुसऱ्या कुणाला जमलेलं नव्हतं. एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी बोस्टनविरुद्धची मालिका सुरू झाली. खेळावं की नाही यावर विल्ट आणि रसेल दोघांनी विचार केला, पण मॅच झाली. फिलाडेल्फिया 3-1 ने पुढे होतं. मग तीन मॅचेस ओळीने हरलं. सातव्या मॅचच्या उत्तरार्धात विल्टने फक्त दोनदा बास्केटवर चेंडू मारला, कारण चेंडू त्याच्यापर्यंत येतच नव्हता. दुसऱ्या दिवशी पेपरात दोष कुणाला? विल्टला. गुण केले तर स्वार्थी, पास केले तर भित्रा. आपल्याकडे सचिनच्या शतकांवर असंच बोलणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात.

जुलै 1968 मध्ये तो पुन्हा विकला गेला. चालू वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ट्रेड होण्याची ही पहिलीच वेळ. लेकर्सने दिले आर्ची क्लार्क, डॅरल इमहॉफ आणि जेरी चेंबर्स. यातला इमहॉफ म्हणजे शंभर गुणांच्या रात्री न्यूयॉर्ककडून विल्टला अडवायला उभा असलेला सेंटर, काय योगायोग! हा ट्रेड का झाला याच्या मात्र जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कुणी म्हणतं हिश्शाचा राग, कुणी म्हणतं हॉलिवूडची हौस, कुणी म्हणतं त्याने दुसऱ्या लीगमध्ये, म्हणजे एबीएमध्ये, जाण्याची धमकी दिली. मला ही धमकीची गोष्ट महत्त्वाची वाटते. तेव्हाचे करार असे होते की मुदत संपली तरी संघ खेळाडूला आपल्याकडेच अडकवून ठेवू शकायचा. आज जुलै उजाडला की खेळाडू स्वतः ठरवतो, 2010 मध्ये लेब्रॉनने टीव्हीवर जाहीर केलं, 2016 मध्ये ड्युरंटने केलं, तो मार्गच नव्हता. दुसरी लीग उभी राहिली तेव्हा विल्टसारख्यांच्या हातात पहिल्यांदा काहीतरी आलं.

लेकर्सकडे जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर आधीच होते. तिघं एकत्र, म्हणजे विजेतेपद खिशात! 1969 च्या सातव्या मॅचला लेकर्सच्या मालकाने छताला हजारो फुगे बांधून ठेवले, जिंकल्यावर सोडायला. विल्टचा गुडघा शेवटच्या काही मिनिटांत दुखावला, तो बाहेर बसला. थोड्या वेळाने परत यायला तयार झाला तर कोच व्हॅन ब्रेडा कोल्फने घेतलं नाही. बोस्टन 108, लेकर्स 106. फुगे छतालाच राहिले.

आणि त्यानंतर रसेलने, निवृत्त झाल्यावर, एका कॉलेजात बोलताना सांगितलं की विल्टने दुखण्याचं निमित्त करून अंग काढलं. ज्याच्या घरी टर्की खाल्ली तो हे बोलला. दोघांचं बोलणं वीस वर्षांहून जास्त काळ बंद झालं.

1971-72 मध्ये नवा कोच बिल शारमनने पस्तिशीच्या विल्टला सांगितलं, तू आता फक्त अडव आणि रिबाउंड घे. लेकर्सने ओळीने 33 मॅचेस जिंकल्या. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. दुखऱ्या हाताने विल्टने अंतिम फेरी जिंकून दिली, न्यूयॉर्कविरुद्ध 4-1.

1973 मध्ये शेवटचा करार. एबीएमधल्या सॅन दिएगो कॉन्क्विस्टाडोर्स संघाने सहा लाख डॉलर देऊन त्याला खेळाडू आणि कोच म्हणून घेतलं. लेकर्स कोर्टात गेले. निकाल असा लागला की कराराप्रमाणे तो आणखी एक वर्ष लेकर्सचा आहे, दुसरीकडे खेळता येणार नाही. मग विल्ट चेंबरलेन सूट घालून बाजूला उभा राहिला आणि कोचगिरी करू लागला! त्यात त्याचं मन नव्हतं, एकदा तर स्वतःच्या पुस्तकाच्या कार्यक्रमासाठी त्याने मॅचच बुडवली. संघ 37 जिंकला, 47 हरला. तो परत कधीच व्यावसायिक बास्केटबॉल खेळला नाही. ऑस्कर रॉबर्टसनने 1970 मध्ये लीगविरुद्ध जो खटला घातला होता तो 1976 मध्ये मिटला आणि खेळाडूंना संघ निवडण्याची वाट मोकळी झाली. विल्टसाठी तीन वर्षं उशिरा.

पुढचं आयुष्य मजेत गेलं म्हणतात. व्हॉलीबॉल, 1984 मध्ये श्वार्झनेगरबरोबर एक सिनेमा, आणि 1991 च्या पुस्तकात स्वतःच्या प्रेमप्रकरणांचा एक आकडा, जो आमचे संपादक सर छापू देणार नाहीत. तो परत येणार, ही अफवा मात्र दर थोड्या वर्षांनी उठायची. पंचेचाळिशीत क्लीव्हलँडने विचारलं, पन्नाशीत न्यू जर्सीने. दोन्ही वेळा तो नाही म्हणाला. आयुष्यात संघांना नाही म्हणण्याची संधी त्याला अशी, केस विरळ झाल्यावर मिळाली. फिलाडेल्फियाने 1991 मध्ये त्याचा 13 नंबर छताला टांगला. तोच नंबर वॉरियर्सकडेही टांगलेला आहे आणि लेकर्सकडेही.

रसेलने उशिरा का होईना माफी मागितली. शेवटची काही वर्षं दोघं फोनवर बोलायचे. 12 ऑक्टोबर 1999 ला विल्ट लॉस एंजेलिसच्या घरी झोपेत गेला, वय 63. त्याच्या भाच्याने ज्यांना सगळ्यात आधी फोन केले, त्या यादीत दुसरं नाव बिल रसेलचं होतं.